खुर्ची मिळाली, पक्ष गेला

२९ जून १९९४ रोजी जपानच्या संसदेत पंतप्रधान निवडताना उलटाच खेळ रंगला. एलडीपी, म्हणजे लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचा अधिकृत पाठिंबा होता समाजवादी नेते तोमिइची मुरायामा यांना. आणि एलडीपीविरोधी आघाडीचे उमेदवार होते एलडीपीचेच माजी पंतप्रधान तोशिकी काइफू! पहिल्या फेरीत कुणालाच बहुमत मिळाले नाही. दुसऱ्या फेरीत मुरायामा २६१ विरुद्ध २१४ मतांनी जिंकले.

यातले नवल कळायला १९५५ सालात जावे लागते. त्या वर्षी फुटलेले समाजवादी एकत्र आले आणि पाठोपाठ दोन पुराणमतवादी पक्षांच्या विलीनीकरणातून एलडीपी जन्मली. पुढची ३८ वर्षे एकाने राज्य करायचे आणि दुसऱ्याने विरोध, अशी जणू वाटणीच झाली. अमेरिकेशी संरक्षण करार नको, स्वसंरक्षण दले घटनाबाह्य आहेत, देशाने निःशस्त्र आणि तटस्थ राहावे, ही समाजवाद्यांची ओळख होती.

१९९३ साली ही घडी विस्कटली. इचिरो ओझावा आणि त्सुतोमू हाता एलडीपीतून बाहेर पडले. जुलैच्या निवडणुकीत ५११पैकी २२३ जागांवर थांबलेली एलडीपी सर्वांत मोठा पक्ष असूनही सत्तेबाहेर गेली. मोरिहिरो होसोकावा समाजवाद्यांसह आठ गटांच्या आघाडीचे पंतप्रधान झाले. १९९४च्या सुरुवातीला त्यांनी निवडणूक पद्धत बदलली : ३०० जागा एकसदस्यीय मतदारसंघांच्या, २०० प्रमाणशीर प्रतिनिधित्वाच्या. एप्रिलमध्ये जुन्या कर्जाच्या वादात त्यांनी पद सोडले. हाता त्यांच्या जागी निवडून येताच मित्रपक्षांनी समाजवाद्यांना वगळून संसदेत वेगळा गट केला. दुखावलेले समाजवादी बाहेर पडले आणि हातांचे सरकार ६४ दिवसांत गेले.

एलडीपीने ही संधी अचूक हेरली. पक्षाध्यक्ष योहेइ कोनो यांनी, दोनशेहून अधिक खासदार हाताशी असताना, सत्तरच्या आसपास खासदार असलेल्या पक्षाला पंतप्रधानपद देऊ केले. साकिगाके हा छोटा पक्ष दोघांमधला दुवा झाला. मुरायामांनी किंमत लगेच मोजली. जुलैमध्ये संसदेत त्यांनी स्वसंरक्षण दले घटनेला धरूनच असल्याचे सांगितले आणि अमेरिकेशी केलेला करारही मान्य केला. कोबेचा भूकंप आणि टोकियो मेट्रोतला सरिन हल्लाही त्यांच्याच कारकिर्दीत झाला. जपानी आक्रमणाबद्दल मनःपूर्वक क्षमायाचना करणारे १५ ऑगस्ट १९९५चे निवेदन मात्र त्यांची कायमची कमाई ठरले. पुढच्या पंतप्रधानांना ते टाळता आले नाही.

जानेवारी १९९६मध्ये मुरायामा पायउतार झाले आणि एलडीपीचे र्‍युतारो हाशिमोतो पंतप्रधान झाले. समाजवादी पक्षाने नाव बदलले, त्याचे बरेच खासदार नव्या डेमोक्रॅटिक पक्षात गेले. १९९०मध्ये १३६ जागा जिंकणाऱ्या समाजवाद्यांना ऑक्टोबर १९९६च्या निवडणुकीत अवघ्या १५ मिळाल्या. एलडीपीला विरोध हाच ज्यांच्या मताचा आधार, त्यांना मतदाराने पुन्हा मत द्यावे कशासाठी?

ऑक्टोबर १९९९मध्ये एलडीपीचा भागीदार झालेल्या कोमेइतोचे गणित वेगळे होते. सोका गाक्काई या बौद्ध संघटनेची शिस्तबद्ध मते त्याच्या मागे होती. एकसदस्यीय मतदारसंघांत ती मते एलडीपीच्या उमेदवाराला जात आणि एलडीपीचे उमेदवार आपल्या समर्थकांना प्रमाणशीर मत कोमेइतोला द्यायला सांगत. पंतप्रधानपद त्या पक्षाला कधीच मिळाले नाही. पण ऑक्टोबर २०२५मध्ये राजकीय देणग्यांच्या प्रश्नावर त्याने युती तोडली, तेव्हा २६ वर्षे एलडीपीच्या सावलीत राहूनही त्याचा मतदार त्याचाच होता. समाजवाद्यांना देशातले सर्वोच्च पद मिळाले. फक्त त्या पदापर्यंत पोहोचताना त्यांनी आपले वेगळेपण सोडले होते.