मारुती ८००चा टाय रॉड एंड घरी बदलताना

सिडकोतल्या घरांपुढे एमएच २० च्या जुन्या मारुती ८०० अजून उभ्या दिसतात. १९८३ साली आलेली ही गाडी कारखान्यातून बंद झाली २०१४ मध्ये. पंधरा वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत दाखवावी लागते. तिथे नेण्याआधी स्टिअरिंगचा प्ले काढलेला बरा.

हा प्ले बऱ्याचदा टाय रॉड एंडचा असतो. स्टिअरिंगचा रॅक डावी-उजवीकडे सरकतो आणि त्याला जोडलेला टाय रॉड चाक वळवतो. रॉडच्या टोकाला वाटीत फिरणारा पोलादी गोळा असतो. त्यात ग्रीस आणि बाहेरून रबरी बूट. आपल्याकडच्या उन्हात रबर कडक होऊन चिरतं, आत धूळ-पाणी शिरतं आणि गोळा वाटीत खुळखुळू लागतो.

सामान आणण्याआधी खात्री करा. चाकं जमिनीवर ठेवून कोणाला तरी स्टिअरिंग थोडंथोडं डावी-उजवीकडे हलवायला सांगा आणि तुम्ही सांध्यावर बोट ठेवा. गोळा खराब असेल तर बोटाला टकटक लागते. चाक उचलून वर-खाली धरून हलवल्यावर ढिलं लागलं, तर दोष खालच्या बॉल जॉइंटचा किंवा बेअरिंगचा असू शकतो. मग नवा एंड घालून काही साधणार नाही.

आता जॅक. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. त्यामुळे पुढचं चाक उचललं की गिअर टाकून ठेवण्यावर भिस्त नको. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि गाडी लोखंडी घोडीवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालू नये.

चाक काढलं की पहिला पाना लॉक नटला, तोही एंड अजून जागेवर असतानाच. एंड सुटल्यावर रॉड हातात फिरतो आणि गंजलेला नट दाद देत नाही. आदल्या रात्री तेल मारून ठेवलं असेल तर काम निम्मं. मग स्प्लिट पिन काढा आणि वरचा नट सैल करा, पण चार आटे राहू द्या. गोळ्याची दांडी निमुळती असते आणि स्टिअरिंग आर्मच्या भोकात घट्ट रुतलेली असते, त्यामुळे नट सुटला तरी ती सुटत नाही. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर आर्मच्या भोकाच्या कडेवर, दुसऱ्या बाजूने जड हातोडा टेकवून, एकच सणसणीत घाव घाला. धक्क्याने भोक क्षणभर दबतं आणि दांडी निसटते. घाव दांडीच्या टोकावर घालायचा नाही. तिचे आटे बसतात आणि मग नटही निघत नाही.

जुना एंड फिरवून काढताना फेरे मोजा, अर्धा फेरासुद्धा. नवा एंड तेवढेच फेरे बसवा. चाकांचा टो मिलिमीटरच्या हिशेबात असतो, इथला एक फेरा चुकला तरी टायर एका कडेने झिजतात. रॉडवर लॉक नटच्या जागी रंगाची खूण करून ठेवा. मोजणी विसरली तर तीच कामाला येते.

नट आवळताना दांडी सोबत फिरू लागली तर सांध्याला खालून जॅकने हलकासा दाब द्या. स्प्लिट पिनचं भोक नटच्या खाचेशी जुळलं नाही तर नट थोडा आणखी आवळा; मागे सोडू नका. पिन मात्र नवीनच घ्या. जुनी वाकवून पुन्हा घालण्याची काटकसर स्टिअरिंगमध्ये नको.

लॉक नट आवळा, चाक लावा आणि कॉलनीतच सावकाश एक फेरी मारा. गाडी एका बाजूला ओढते का, सरळ चालताना स्टिअरिंग वाकडं दिसतं का, ते बघा. फेरे कितीही नीट मोजले असले तरी अलाइनमेंट दुकानातून करून घ्यावीच लागते. दौलताबादच्या घाटात त्यानंतर जा.