दूरच्या प्रवासासाठी जुनी मोटारसायकल

या स्मरणिकेत आम्ही यापूर्वी जे चार शब्द लिहिले, ते बहुधा डाळींचे भाव, वखारीतील कीड किंवा हमालीचे दर अशा विषयांवरचे होते. यंदा आम्ही मोटारसायकलीवर लिहीत आहोत हे पाहून बेळगावच्या रविवार पेठेतील आमचे स्नेही हसतील. हसोत बापडे. गेल्या चार महिन्यांत आम्ही इतक्या जुन्या मोटारसायकली वाकून वाकून पाहिल्या की आमच्या कंबरेला त्याची साक्ष आहे. आणि आपल्या व्यापारी बांधवांच्या घरी जी मुले आज विशी-तिशीत आहेत, त्यांचा हाच प्रश्न उद्या त्यांच्याही गादीपाशी येणार आहे.

आमचा पुतण्या पुण्यास नोकरीत आहे. गेल्या वर्षी त्याचे लग्न झाले. पुणे-बेळगाव हे सुमारे तीनशे चाळीस किलोमीटरचे अंतर महिन्यातून एकदा तरी काटावे, सवड मिळेल तेव्हा पत्नीसह बदामी पाहावी, चोर्ल्याच्या घाटाने गोव्यास उतरावे, असा त्याचा मनोदय. गाडी मात्र ‘स्पोर्ट’ जातीचीच हवी. पुढे काच, अंगावर आवरण, पाहणाऱ्याने वळून पाहावे अशी. जवळ स्वतःचे साठवलेले एक लाख दहा हजार रुपये. त्यांत नवी गाडी येत नव्हती आणि कर्ज काढणे त्यास पसंत नव्हते. एका रविवारी तो दुकानात येऊन म्हणाला, “काका, पैसे माझे, पण पारख तुमची.”

तो आपल्या वडिलांकडे न जाता आमच्याकडे का आला, हे सांगणे अवघड असले तरी सांगितले पाहिजे.

१९८६ साली आम्ही ऐन पंचविशीत असताना एक जुनी मोटारसायकल विकत घेतली होती. कोणत्या कंपनीची ते येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण दोष गाडी बनवणाऱ्याचा नव्हता. नवा रंग होता, आवाज खणखणीत होता, भाव कमी होता. आम्ही रंग पाहिला, आवाज ऐकला आणि पैसे मोजले. टायर काळेभोर दिसत होते. ते काळे कशाने केले आहेत आणि किती वर्षांचे आहेत, हे आम्ही विचारले नाही. त्याच वर्षी मृगाच्या पावसात आंबोलीच्या उतारावर मागचे चाक अलगद बाजूस सरले. आम्हांस खरचटण्यावर निभावले. मागे बसलेल्या धाकट्या बंधूंचा उजवा गुडघा गाडीखाली आला. ते आजही जिना चढताना कठड्याचा आधार घेतात. या एकोणचाळीस वर्षांत त्यांनी आम्हांस एका शब्दाने दोष दिलेला नाही, आणि मोटारसायकलीवर ते पुन्हा बसलेले नाहीत. हा पुतण्या त्यांचाच मुलगा.

धान्याचा धंदा करणारा मनुष्य पोत्याच्या तोंडचे मूठभर दाणे पाहून सौदा करीत नाही. वरच्या थरास कोरडा, टपोरा माल आणि तळाशी ओलसर, हा प्रकार आपणांस नवा नाही. म्हणून आपण पोत्यात नळी खुपसून मधली वानगी काढतो. पेठेत हा शहाणपणा पाळणारे आम्ही मोटारसायकलीच्या बाबतीत तो विसरलो होतो. या खेपेस विसरायचे नाही, असे ठरवले.

प्रथम गाडीची जात. स्पोर्ट गाडी दूरच्या प्रवासास निरुपयोगीच, असे आमचे जुने मत होते. ते चौकशीअंती बदलावे लागले. प्रवाशाचे सुख तीन जागांच्या परस्पर अंतरावर ठरते: हँडल, बैठक आणि पायांची टेकणी. अगदी ताठ बसवणाऱ्या गाडीवर शरीराचा सर्व भार माकडहाडावर येतो आणि रस्त्याचा प्रत्येक दणका कण्यातून वर चढतो. शिवाय छातीवर वारा घेऊन तासन्‌तास हँडल धरून राहावे लागते. थोडे पुढे झुकून बसले की भार वाटला जातो, पुढची काच वारा वर फेकते, आणि या जातीचे ब्रेक व चाकांची पकड साध्या गाडीहून सरस असते. परंतु झुकणे ‘थोडे’ हवे. शर्यतीच्या धर्तीवर हँडल खाली आणि टेकण्या मागे व उंच नेल्या की भार मनगटांवर येतो. भरधाव वेगात वारा छातीस थोडा उचलून धरतो, पण गावोगावच्या गतिरोधकांतून जाताना तो आधारही नसतो. शंभर किलोमीटरनंतर मनगटे बधिर आणि मान ताठ.

पुतण्याच्या मनात प्रथम होती यामाहाची आर-१५. २००८ साली आलेली ही गाडी इंजिनाने लहान, चालीने चपळ आणि पेट्रोलला काटकसरीची. एकट्या तरुणास तिचा मोह पडावा अशीच. पण २०११च्या दुसऱ्या आवृत्तीपासून तिची बैठक दुभंगली आणि मागच्याची जागा उंच, आखूड झाली. पुतण्याने मोबाईलवर चित्र दाखवले, ते पाहून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, सूनबाईंनी यावर बसायचे कुठे? हा तर देवघरातला चौरंग!” चर्चा तेथेच संपली. दुसरी, केटीएमची आरसी ३९०. ही २०१४ साली आली. ३७३ सीसीचे इंजिन, ताकद त्रेचाळीस अश्वशक्तीच्या घरात. कोल्हापुरास एक होती, म्हणून मुद्दाम जाऊन पाहिली. पुतण्या तीवर बसला आणि त्याची हनुवटी टाकीपाशी गेली. गाडी उत्तम, पण तिला हवा आहे मोकळा रस्ता आणि बसणाऱ्यास हवा आहे विशीतला कणा.

मधल्या वाटेच्या, म्हणजे अंगावर आवरण असूनही हँडल जरा उंच असलेल्या गाड्या आपल्याकडे पुष्कळ झाल्या. हिरो होंडाची करिझ्मा २००३ साली आली. तिच्या २२३ सीसीच्या शांत इंजिनावर अनेकांनी देश पालथा घातला, पण पहिल्या पिढीच्या गाड्यांची पंधरा वर्षांची नोंदणी केव्हाच सरली आहे. बजाजची पल्सर २२० ही स्वस्त आणि प्रत्येक खेड्यातल्या मिस्त्रीस ठाऊक. हा गुण आडरानात मोठा. सुझुकीची जिक्सर एसएफ २५० ही २०१९ची, म्हणजे वयाने लहान. आम्हांस ती आवडली होती, पण पाहिलेल्या दोन्ही पुतण्याच्या पैशांत बसेनात. कावासाकीची निंजा ३००, दोन सिलिंडरांची आणि सतरा लिटर टाकीची, तिचा भाव ऐकून आम्ही चहा पिऊन परतलो. सरतेशेवटी नजर ठरली होंडाच्या सीबीआर २५०आर वर. २०११ साली ती भारतात आली. २४९ सीसीचे, पाण्याने थंड होणारे एकच सिलिंडर, तेरा लिटरची टाकी, मागची बैठक रुंद आणि बेताच्या उंचीची. महामार्गावर नव्वदच्या वेगाने ती दिवसभर न कुरकुरता जाते. २०२० साली नवे प्रदूषण नियम आले तेव्हा ती येथे बंद झाली. म्हणून सुटे भाग, विशेषतः बाहेरचे आवरण, महाग पडते व वाट पाहावी लागते. हा दोष धरूनच भाव करावा.

या जातीच्या दोन गाड्या आम्ही बारकाईने पाहिल्या. पहिली म्हापशास होती, २०१४ची. आरशासारखा रंग, काटा बारा हजार किलोमीटरवर, भाव ऐंशी हजार. पुतण्याचा चेहरा उजळला. आम्हांस मात्र १९८६चा रंग आठवला. पायांच्या टेकणीवरचे रबर पार गुळगुळीत झालेले. बारा हजारांत ते तसे होत नाही. हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवले की सांगाड्यावरच्या ज्या टेकूस ते अडते, तो एका बाजूने चेपून पुन्हा घासलेला. म्हणजे गाडी समोरून कशावर तरी आदळलेली. टायरच्या कडेवर लंबगोलात चार अंक असतात: पहिले दोन वर्षातील आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. येथे होते ३११४. अकरा वर्षांचे रबर, नक्षी शिल्लक पण बोटाने दाबता दगडासारखे. आम्ही पुतण्यास ते अंक वाचावयास सांगितले. त्याने वाचले, आणि परतीच्या घाटात तो फारसे बोलला नाही.

त्या गाडीत कागदांचाही फेरा होता, आणि सीमेवर राहणाऱ्या आपणां सर्वांस तो कळला पाहिजे. गोव्याची किंवा कोल्हापूरची गाडी बेळगावात स्वस्त वाटते. पण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, आणि मग कर्नाटकाचा आजीवन कर. हा कर मिळवला की ऐंशी हजारांचे ऐंशी राहत नाहीत. मालकी बदलाचे नमुने २९ व ३०; विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत व परराज्यात पंचेचाळीस दिवसांत कळवावयाचे, घेणाऱ्याने तीस दिवसांत. आर. सी. बुकावर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याशिवाय एक रुपया देऊ नये. विमा आपल्या नावे होतो आहे ना, तेही पाहावे. सह्या करून कोरे नमुने हाती ठेवणारा विक्रेता कितीही गोड बोलला तरी तो सौदा उधारीवरच्या मालासारखा.

दुसरी गाडी आमच्या गावातच निघाली. टिळकवाडीत एका प्राध्यापकांकडे, २०१५ची, ए. बी. एस. असलेली. हे मुद्दाम लिहितो, कारण १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना ते सक्तीचे झाले १ एप्रिल २०१९ पासून. त्यापूर्वीच्या गाड्यांत असेलच असे नाही आणि ओल्या घाटात त्याचे मोल पैशांत करता येत नाही. हिचा रंग विटलेला, डाव्या अंगास ओरखडा, काटा अडतीस हजारांवर. पण प्राध्यापकांनी एक फाईल पुढे ठेवली. पहिल्या दिवसापासूनच्या प्रत्येक दुरुस्तीची पावती तारीखवार लावलेली. ज्याची रोजकीर्द चोख त्याचा माल बहुधा चोख, या जुन्या ठोकताळ्याने आमचे मन अर्धे वळले.

उरलेले अर्धे पाहणीने वळावयाचे होते. गाडी आमच्या येण्यापूर्वी चालू करू नये, असे आधीच कळवले होते. तापलेले इंजिन आपली दुखणी लपवते. हात लावला तर इंजिन गार. एका दमात चालू झाले. सायलेन्सरमधून निळसर धूर नाही, म्हणजे तेल जळत नाही. मागच्या चक्राच्या पाठीमागून चेन ओढली तर ती दातांवरून अर्धा बोट उचलली गेली, चेनसेट संपलेला. पुढचे चाक उचलून हँडल हळू वळवले तर मध्यावर एक खटका लागला, कोनसेट गेलेला. या गाड्यांत हे होतेच, असे मिस्त्रीने सांगितले व प्राध्यापकांनी न विचारता कबूल केले. टायरही झिजलेले. इंधनाच्या रबरी नळ्या मात्र मिस्त्रीकडून नीट तपासून घेतल्या. आता पंपावर मिळणारे वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून या जुन्या गाड्या बनलेल्या नाहीत. (त्याच इथेनॉलने मक्याचा भाव कसा चढवला, हे अडतीत बसून आम्ही पाहिलेच आहे, एका हाताने दिले ते दुसऱ्या हाताने पेट्रोलात गेले.)

यानंतर आम्ही दोघांस खानापुरापर्यंत जाऊन येण्यास सांगितले. गल्लीत एक फेरी मारून बैठकीचे सुख कळत नाही. तास-सव्वा तास बसावे लागते, आणि जी मागे बसणार तिलाही विचारावे लागते. सूनबाई उतरल्यावर म्हणाल्या, “काका, पाय नीट टेकतात, आणि मागे धरायला दांडा आहे. यांच्या खांद्यावर लोंबकळावे लागले नाही.” पुतण्याने मनगटे चोळली नाहीत, हे आम्ही मुकाट्याने पाहून घेतले.

मागणी एक लाख पाच हजारांची होती. आम्ही कागदावर टायर, चेनसेट, कोनसेट व ब्रेक पॅड यांचे भाव मांडले आणि कागद त्यांच्यापुढे सरकवला. अठ्ठ्याऐंशी हजारांस सौदा झाला. दुरुस्ती सतरा हजारांच्या आत बसली. कर्नाटकचीच गाडी असल्याने मालकी बदलास जो किरकोळ खर्च आला, तो धरूनही पुतण्याच्या एक लाख दहा हजारांतून थोडे उरले. त्यांत सूनबाईंसाठी चांगले हेल्मेट आले. सामानाच्या पिशव्या सायलेन्सरपासून दूर, दोन्ही बाजूंस सारख्या वजनाच्या बांधाव्यात, एवढेच आम्ही वर सांगितले. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आमच्या घरचा नेम आहे. त्यासाठी गाडी पिटाळू नये, पहाटे लवकर निघावे, हेही सांगितले.

गेल्या महिन्यात दोघे बदामीस निघाली. पहाटे सारे घर दाराशी उभे होते. धाकटे बंधू कठडा धरीत जिना उतरून आले, मागच्या चाकापाशी कष्टाने वाकले, आणि टायरच्या कडेवरचे चार अंक बोट ठेवून एकेक करून वाचले. मग उठून म्हणाले, “ठीक आहे. सावकाश जा.”