विजेची पाटी

खानदेशातील धुळे शहरात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ ही संस्था आहे. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून जुनी कागदपत्रे मिळविली आणि 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यासच त्यांचे निधन झाले. त्यांनी जमविलेला संग्रह जतन व्हावा म्हणून १९२७ साली हे मंडळ स्थापन झाले.

शेजारच्या जळगाव जिल्ह्यातील बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. जात्यावर दळताना व शेतात राबताना त्या ओव्या रचीत. त्यांचे पुत्र सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसबंधू पितांबर यांनी त्यांतील काही टिपून घेतल्या. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ साली त्यांच्या कविता पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. ज्या ओव्या कोणी टिपल्या नाहीत, त्या मात्र त्यांच्याबरोबरच गेल्या.

टिपून घेणे आणि टिपलेले वाचणे ही कामे पूर्वी बोरू, दौत व कागद यांच्या साहाय्याने होत. आता ती विजेवर चालणाऱ्या पाटीवरही होतात. अशा एका पाटीत हजारो पाने मावतात. परंतु ती स्वस्त नसते. म्हणून घेण्यापूर्वी आपले काम कोणते, हे प्रथम ठरवावे लागते.

या पाट्यांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारात काचेमागून प्रकाश येतो. हिलाच सामान्यतः टॅबलेट म्हणतात. हिच्यावर रंग स्पष्ट दिसतात, चित्रे झटकन मोठी करता येतात. परंतु ती बहुधा रोज विजेला जोडावी लागते आणि भर उन्हात तिच्यावरील अक्षरे फिकट दिसतात.

दुसरा प्रकार विद्युत्‌शाईचा. या पाटीच्या पृष्ठभागाखाली केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्यांचा थर असतो. प्रत्येक कुपीतील पारदर्शक द्रवात पांढरे व काळे कण असून त्यांच्यावर परस्परविरुद्ध विद्युत्‌भार असतो. विजेच्या दाबाने एका रंगाचे कण वर येतात व दुसऱ्या रंगाचे तळाशी जातात. अशा रीतीने पानावर अक्षरे उमटतात. वर आलेले कण वीज थांबली तरी तेथेच राहतात. त्यामुळे वीज मुख्यतः पान बदलताना खर्च होते आणि पाटी अनेक दिवस चालते. कागदाप्रमाणेच हे पान बाहेरच्या उजेडात वाचता येते. मात्र पान बदलण्यास किंचित वेळ लागतो, आणि रंग नसतात किंवा फिके असतात.

एखाद्या संशोधकास मोडी कागदाचे छायाचित्र वाचावयाचे आहे, असे समजू. मोडीत आधी शिरोरेघ ओढून हात न उचलता अक्षरे जोडीत लिहीत. पुसट झालेली शाई, पिवळा पडलेला कागद आणि कोपऱ्यातील शिक्का नीट पाहावयाचा, तर रंग दाखविणारी पहिली पाटीच उपयोगी. याउलट तासन्‌तास पुस्तक वाचून टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्यास दुसरी अधिक सोयीची.

पाटीचा आकारही पाहावा लागतो. कार्यालयातील नेहमीचा कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. सुमारे १५ सेंटिमीटर कर्णाच्या लहान पाटीवर तो निम्म्याहूनही अरुंद दिसतो. २६ सेंटिमीटर कर्णाच्या पाटीवर त्याची रुंदी सुमारे सत्तर टक्के राहते, आणि ३४ सेंटिमीटरच्या पाटीवर तो जवळजवळ मूळ आकारात दिसतो.

मग लेखणीची परीक्षा करावी. काही लेखण्यांत विजेरी नसते. पाटीतील तारांच्या जाळ्याचे चुंबकीय क्षेत्रच लेखणीतील वेटोळ्यास ऊर्जा पुरविते. दुकानात मराठीत चार ओळी लिहून पाहाव्यात. रेघ लेखणीच्या मागे रेंगाळते काय, तळहात टेकला असता भलत्याच खुणा उमटतात काय, आणि एखाद्या मराठी पुस्तकातील जोडाक्षरे नीट दिसतात काय, हे तेव्हाच कळते.

खानदेशात आणखी एक काळजी घ्यावी लागते. उन्हाळ्यात जळगावचे तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर जाते. परंतु अशा अनेक उपकरणांच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ३५ अंश दिलेली असते. उष्णतेने आतील विजेरी लवकर निकामी होते. म्हणून पाटी उन्हात किंवा बंद मोटारीत ठेवू नये.

कागदाला वाळवी व ओल यांचे भय असते. पाटीही पडून फुटते किंवा बिघडते. यासाठी तिच्यावरील टिपणे सर्वत्र उघडतील अशा स्वरूपात साठवून त्यांची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवणे आवश्यक असते. राजवाड्यांचे कागद मंडळाने सांभाळले आणि बहिणाबाईंच्या ओव्या सोपानदेवांच्या टिपणांनी वाचविल्या. पाटी कितीही उत्तम असली, तरी वेळेवर टिपून घेणे आणि टिपलेले जपणे ही कामे माणसालाच करावी लागतात.