हाडांची साक्ष आणि आपला निवाडा

स्वीडनमधील मेलारन सरोवरातल्या एका बेटावर हजार वर्षांपूर्वी बिर्का नावाचे व्यापारी नगर नांदत होते. तेथील दफनभूमीचे उत्खनन करताना याल्मार स्टोल्पे या संशोधकाने १८७८ साली जे एक थडगे उघडले, त्यातील ऐवज एखाद्या सरदाराच्या शिलेखान्याला शोभावा असा होता. तलवार, परशू, भाला, चिलखत भेदणारे बाण, दोन ढाली, पायथ्याशी एक घोडा व एक घोडी आणि जोडीला पटावरील सोंगट्या, एवढा सरंजाम पाहिल्यावर मृत व्यक्ती पुरुष असली पाहिजे, हे कोणी सिद्ध करण्याच्या भानगडीत पडले नाही. ते गृहीतच धरले गेले, आणि एकदा दप्तरी चढलेली ही नोंद पुढे आदर्श वायकिंग योद्ध्याचा दाखला म्हणून ग्रंथोग्रंथी फिरत राहिली. १९७० च्या दशकात एका अस्थितज्ज्ञ विदुषीने ही हाडे स्त्रीची दिसतात असे सुचविले, परंतु त्या मताची फारशी दखल घेतली गेली नाही. अखेर २०१७ साली शार्लोट हेडेनस्टिएर्ना-यॉन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दात आणि दंडाचे हाड यांतून डीएनए मिळवून पाहिला, तेव्हा त्यात पुरुषत्वाचे निदर्शक असे वाय गुणसूत्र कोठेच आढळले नाही.

प्राचीन डीएनए मात्र सर्वत्र टिकत नाही. उष्ण वा दमट भूमीत तो लवकर विघटित होतो. अशा ठिकाणी अलीकडे दंतवल्काचा आधार घेतला जातो. दातावरचे हे आवरण मानवी देहातील सर्वांत कठीण द्रव्य असून ते घडताना अ‍ॅमेलोजेनिन नावाचे प्रथिन त्यात अडकून राहते. या प्रथिनाचे जनुक एक्स आणि वाय या दोन्ही गुणसूत्रांवर असते, आणि दोहोंपासून बनणाऱ्या प्रथिनांत किंचित तफावत असते. सौम्य आम्लाने दंतवल्काचा अत्यल्प अंश विरघळवून त्यातील तुकड्यांचे वस्तुमान मोजले की वाय-जन्य रूप आहे की नाही ते कळते. ते आढळले तर दात पुरुषाचा, आणि पुरेसा नमुना असूनही ते न आढळल्यास बहुधा स्त्रीचा, असा निष्कर्ष निघतो.

या परीक्षेने दोन ठिकाणचे जुने समज ढळले. पेरूच्या अँडीज पर्वतातील विलामाया पात्शा येथे सुमारे ९,००० वर्षांपूर्वी पुरलेल्या सतरा ते एकोणीस वर्षांच्या व्यक्तीच्या मांडीजवळ, जणू थैलीत भरून ठेवल्याप्रमाणे, दगडी भाल्यांची टोके, कातडे खरवडण्याची हत्यारे आणि गेरू असा शिकाऱ्याचा संच मिळाला. ती व्यक्ती तरुणी ठरली. ती एकटीच तशी होती काय, हे पाहण्यासाठी अमेरिका खंडांतील त्या कालखंडाच्या जुन्या उत्खननांच्या नोंदी २०२० साली चाळल्या गेल्या, तेव्हा मोठ्या शिकारीच्या हत्यारांसह पुरलेल्या व लिंगनिश्चिती झालेल्या २७ व्यक्तींपैकी ११ स्त्रिया निघाल्या. तसेच स्पेनमधील सेव्हिलजवळ २००८ साली सापडलेले, हस्तिदंत व स्फटिकाचा खंजीर यांनी समृद्ध असे सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचे थडगे प्रथम एका तरुण पुरुषाचे मानले गेले होते. तेही २०२३ साली स्त्रीचे असल्याचे प्रसिद्ध झाले.

बिर्काचा निष्कर्ष जाहीर होताच आक्षेपांची रीघ लागली: हाडांची सरमिसळ झाली असेल, थडग्यात दुसरी कोणी व्यक्ती असेल, शस्त्रे केवळ मानाची असतील. हे आक्षेप रास्त आहेत, कारण थडग्यातील वस्तू मृताचे काम सांगतातच असे नाही. त्या त्याच्या नातलगांना त्याच्याविषयी काय वाटत होते, हेही सांगत असू शकतात. परंतु जोवर हाडे पुरुषाची समजली जात होती, त्या जवळजवळ एकशेचाळीस वर्षांत शस्त्रांवरून योद्ध्याचा हुद्दा बहाल करताना यांपैकी एकही प्रश्न उपस्थित झाला नव्हता. पुराव्याची कसोटी पुरुषाला एक आणि स्त्रीला दुसरी लावली, तर भूतकाळाऐवजी आपलेच पूर्वग्रह वाचले जातात. एका थडग्यावरून वायकिंग स्त्रिया सर्रास रणांगणी उतरत असे म्हणणे जितके घाईचे, तितकेच त्या उतरतच नव्हत्या हे म्हणणेही घाईचेच होते.

दंतवल्क तपासण्याच्या या तंत्राचा खरा लाभ कदाचित लहान मुलांच्या थडग्यांतून व्हावयाचा आहे. वयात येण्यापूर्वी मुलामुलींच्या कटीच्या हाडांत ठळक भेद नसल्याने त्यांच्या सांगाड्यांपुढे आजवर ‘लिंग अज्ञात’ एवढीच नोंद होत आली. आता दाताच्या एका कणावरून ते ठरवता येत असल्यामुळे, कोणत्या समाजात किती वर्षांच्या मुलीसोबत कोणत्या वस्तू पुरल्या जात आणि मुलासोबत कोणत्या, हे पडताळता येईल. आणि स्त्रीपुरुषांच्या कामांची वाटणी कोणत्या समाजात बालपणीच पक्की होत असे व कोठे ती मुळी झालीच नाही, या प्रश्नावर तर्काऐवजी पुराव्याने बोलता येईल.