ओझोनचं मोजमाप: यंत्राला यंत्राची साक्ष

जोयड्यासारख्या जंगलाच्या तालुक्यात हवा स्वच्छ, म्हणजे वरचा ओझोनचा थरही जाड असणार, असा समज सर्रास आढळतो. हा वायू बहुतांशी 15 ते 35 किलोमीटर उंचीवर असतो; खालच्या झाडीशी त्याचं देणंघेणं नाही. तो उष्ण कटिबंधावर जास्त तयार होतो खरा, पण वरचे वारे त्याला ध्रुवांकडे नेतात. आपल्याकडे तो साधारण 250 ते 280 डॉबसन एककं एवढाच भरतो. सगळा खाली आणून शून्य अंशाला नेहमीच्या दाबाखाली पसरला, तर थर जेमतेम अडीच-पावणेतीन मिलिमीटरचा!

‘उपग्रह असताना जमिनीवरची जुनाट यंत्रं कशाला?’ हा दुसरा समज. निंबस-7 उपग्रहावरच्या ओझोनमापकाची प्रकाश विखुरणारी पट्टी उन्हाने हळूहळू खराब झाली आणि आकडे घसरू लागले. ते उमगलं जमिनीवरच्या डॉबसन यंत्रांशी ताळा केल्यावर. अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्रही 1985 मध्ये जो फार्मन आणि सहकाऱ्यांनी याच यंत्रांच्या नोंदींवरून जाहीर केलं.

आपल्याकडे ही मोजणी 1928 मध्ये कोडाईकनालला सुरू झाली. पुढे हवामान खात्याने पुण्यातही डॉबसन यंत्र बसवलं. अतिनील किरणांच्या दोन तरंगलांबी घ्यायच्या, एक ओझोन भरपूर शोषतो ती आणि एक कमी शोषतो ती; दोन्हींच्या तीव्रतेच्या तुलनेवरून ओझोन किती ते कळतं. निरीक्षक तबकडी फिरवत सुई शून्यावर आणतो आणि तबकडीवरचा आकडा टिपतो. दिसायला सोपं, पण हात बसावा लागतो.

दोन यंत्रांचे आकडे वेगळे आले की एक बिघडलं, असं मात्र नाही. सूर्य खाली असताना यंत्रात भरकटलेला प्रकाश शिरतो आणि डॉबसन ओझोन कमी दाखवतं. वरच्या हवेचं तापमान बदललं की ओझोनची शोषणक्षमताही बदलते. सल्फर डायऑक्साइडला डॉबसन ओझोन समजून बसतं; नंतर आलेलं ब्रुअर यंत्र जास्त तरंगलांबी वापरून तो वेगळा काढतं. म्हणून यंत्रं शेजारी-शेजारी ठेवून एकाच सूर्याकडे, त्याच्या वेगवेगळ्या उंचीला, रोखतात. जागतिक प्रमाण म्हणजे अमेरिकेतलं 83 क्रमांकाचं डॉबसन. त्याची पारख हवाईच्या मौना लोआ पर्वतावर होते.

जुळणीत फरक निघाला की जुन्या वह्या पुन्हा उघडतात. दिव्यांच्या नियमित चाचण्यांवरून फरक कधीपासून पडला ते ठरवून तेवढ्या वर्षांचे आकडे दुरुस्त करतात. याला काहीजण आकड्यांची लबाडी म्हणतात. मला तर, दुरुस्तीची नोंदच नसलेली जुनी आकडेमाला जास्त संशयास्पद वाटते.