घरचे वेल्डिंग, रात्रीचे डोळे

चार-पाच किलो वजनाचे, डब्याएवढे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आता काही हजार रुपयांत घरपोच येते. पूर्वी वेल्डिंग म्हटले की फॅब्रिकेशनच्या दुकानातला चाकांवरचा अवजड ट्रान्सफॉर्मर डोळ्यांपुढे येई. आता कुंड्यांचा स्टँड, सायकलचे तुटलेले कॅरिअर, शेतावरच्या फाटकाची बिजागरी अशी कामे हौशी मंडळी घरीच करू पाहतात. छंद चांगला आहे. निवृत्तीनंतर हात आणि डोके दोन्ही गुंतवून ठेवणाऱ्या गोष्टी तशा कमीच असतात. अडचण एवढीच, की या कामातल्या बऱ्याच इजा काम चालू असताना कळत नाहीत. मशीन गुंडाळून ठेवले, जेवण झाले, अंथरुणाला पाठ टेकली, की मग त्या जाग्या होतात.

खरेदी मात्र खोक्यावरचा ॲम्पिअरचा आकडा बघून होते. २०० किंवा २५० असा तो ठळक छापलेला असतो. घरातल्या मोठ्या पॉवर सॉकेटची क्षमता १६ ॲम्पिअर. २३० व्होल्टला ती साधारण ३,७०० व्होल्ट-ॲम्पिअर होते. अडीच मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ९० ॲम्पिअर लागतात. ८० ॲम्पिअरवर ठिणगीच्या टोकाशी सुमारे २३ व्होल्ट असतात, म्हणजे जवळपास १,८५० वॉट. मशीनमधली घट आणि पॉवर फॅक्टर धरला, तर एवढ्यासाठीच साधे मशीन भिंतीतून १५-१६ ॲम्पिअर ओढते. सॉकेट तिथेच संपले. खोक्यावरचे २०० ॲम्पिअर त्या सॉकेटमधून येणारच नाहीत, आणि आणायचा प्रयत्न केला तर वायर तापेल. तेव्हा आकड्यापेक्षा ड्यूटी सायकल बघावी. दहा मिनिटांपैकी किती मिनिटे मशीन सलग चालेल, हे ती सांगते. वापर अडीच मिलिमीटरच्या रॉडपुरता ठेवावा आणि पातळ वायरचा एक्स्टेंशन बोर्ड अजिबात जोडू नये. वाचलेले पैसे चांगल्या मास्कमध्ये घालावेत.

कारण पहिला बळी डोळ्यांचा जातो. आर्कमधून निघणारे अतिनील किरण बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, म्हणजे कॉर्नियाच्या, वरच्या थरात शोषले जातात आणि तिथल्या पेशी भाजतात. उन्हात कातडी भाजते तसेच हे भाजणे, पण ते लगेच कळत नाही. सहा ते बारा तासांनी त्या पेशी गळू लागतात आणि खालच्या मज्जातंतूंची टोके उघडी पडतात. कॉर्नियात ही टोके दाट असतात. मग डोळ्यांत वाळू भरल्यासारखे खुपते, पाण्याच्या धारा लागतात, दिव्याकडे बघवत नाही. ‘डोळ्यांना वेल्डिंग लागले’ म्हणत माणूस मध्यरात्री इस्पितळात येतो तो असा. त्यासाठी तासभर आर्ककडे टक लावून बसावे लागत नाही. रॉड नेमका कुठे टेकवायचा हे बघायला मास्क वर करायचा आणि तो खाली येण्याआधीच ठिणगी पडायची, असे दहा-पंधरा वेळा झाले तरी पुरते. नवशिक्यांच्या बाबतीत हेच सर्वांत जास्त होते. शेजारी मोबाइलचा टॉर्च धरून उभा असलेला मुलगा तर हिशेबातच धरलेला नसतो.

म्हणून हौशी माणसाला आपोआप काळा होणारा मास्क ही चैन नव्हे, गरज आहे. आर्क पडण्यापूर्वी त्यातून नीट दिसते, त्यामुळे तो वर करण्याचा मोहच होत नाही. प्रमाणित मास्कची काच उजळ असतानाही अतिनील किरण अडवते. काळेपणाचा क्रमांक ८० ॲम्पिअरच्या आसपास १० किंवा ११ ठेवावा. रस्त्यावरचे वेल्डर घालतात तसला काळा गॉगल कामाचा नाही. किरण बाजूने शिरतात, आणि गळा व हाताची कातडी उघडीच राहते. संध्याकाळी शर्टाच्या गळ्यापाशी लाल त्रिकोण उमटला, की किती किरण अंगावर घेतले ते समजते.

डोळे दुखू लागले की घराघरातले उपाय निघतात. कच्चे दूध, मध, गुलाबपाणी. यातले काहीही डोळ्यांत घालू नये. उघड्या पडलेल्या कॉर्नियाला जंतूंचे निमंत्रणच ते. मिटलेल्या पापण्यांवर थंड पाण्याची घडी ठेवायला हरकत नाही, आणि बटाट्याच्या कापाचा जो काही गुण येतो तो त्याच्या गारव्याचा. खरा धोका मेडिकलमधून आणलेल्या भूल देणाऱ्या थेंबांचा आहे. एका थेंबात वेदना जाते, म्हणून माणूस दर तासाला घालत राहतो. त्या थेंबांनी जखम भरण्याची क्रिया मंदावते आणि कॉर्नियावर व्रण होऊ शकतो. डॉक्टर हे थेंब तपासणीपुरते वापरतात, घरी देत नाहीत, ते कंजूषपणाने नव्हे. स्टिरॉइडचे थेंबही मनाने घालू नयेत. विश्रांती, पोटातून वेदनाशामक आणि डॉक्टरांनी दिलेले जंतुनाशक मलम एवढ्यावर हा त्रास बहुधा २४ ते ४८ तासांत ओसरतो.

एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. आर्क लागला तर सहसा दोन्ही डोळे दुखतात. एकच डोळा खुपत असेल तर त्यात लोखंडाचा कण अडकल्याची शंका घ्यावी. तो बहुधा वेल्डिंगचा नसतो. ग्राइंडर चालवताना किंवा मास्क वर करून स्लॅग ठोकताना तो उडालेला असतो. रुमालाच्या टोकाने कण काढण्याचे प्रयोग करू नयेत. कॉर्नियात रुतलेले लोखंड दिवसभरात गंजाचे कडे धरते. म्हणून मास्कच्या आतही साधा पारदर्शक सुरक्षा चष्मा असावा.

दुसरा उशिरा येणारा पाहुणा म्हणजे ताप. जीआय पाइप किंवा गॅल्वनाइज्ड पत्रा यांवर जस्ताचा मुलामा असतो. आर्कच्या उष्णतेने जस्ताची वाफ होऊन पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की चार ते दहा तासांनी हुडहुडी, ताप, अंगदुखी, कोरडा खोकला आणि तोंडाला धातूची चव. एक-दोन दिवसांत हे आपोआप जाते. पण पावसाळ्यात असा रुग्ण आला, की मलेरिया आणि डेंग्यूच्या तपासण्या लिहून दिल्या जातात. दुपारी पाइप जोडला होता हे तो सांगत नाही, कारण त्याचा तापाशी संबंध असेल असे त्याला वाटत नाही. ते सांगावे. मात्र दम वाढत चालला असेल तर तो साधा धुराचा ताप समजून घरी थांबू नये. धातू पुसायला वापरलेल्या क्लोरीनयुक्त द्रावकांच्या वाफेपासून आर्कजवळ फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो, आणि त्याने फुप्फुसांत पाणी भरायला काही तास लागतात. तेल-ग्रीस काढायला साबणाचे पाणी बरे, नंतर धातू पूर्ण वाळू द्यावा.

मुलामा जोडाच्या दोन्ही बाजूंनी आधी घासून काढावा, काम उघड्यावर करावे, वाऱ्याकडे पाठ न करता धूर बाजूला जाईल असे उभे राहावे. पाठ वाऱ्याकडे असली की धूर अंगापुढे घोटाळत राहतो. बिनगॅसची तार वापरणारी छोटी मशीन पातळ पत्र्याला सोयीची, पण त्यांचा धूरही भरपूर असतो. बंद पार्किंगमध्ये ती नकोत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर आणि वेल्डिंगचे अतिनील किरण दोन्ही मानवात कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकले. रविवारी तासभर काम करणाऱ्याने त्याने धास्तावून जाऊ नये. ती काळजी दिवसाचे आठ तास हातात काच धरून बसणाऱ्या वेल्डरची आहे, आणि त्याच्यासाठी ती कोणी फारशी करत नाही.

विजेबाबत एक गैरसमज पक्का रुजला आहे. कामाच्या तुकड्याला लावायच्या चिमट्याला सगळे ‘अर्थ’ म्हणतात. घराच्या अर्थिंगचा तो पर्याय नव्हे. प्लगची तिसरी पिन जोडलेलीच हवी. तसेच घरात आरसीसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. मशीनच्या रॉडकडची बाजू घरच्या विजेपासून वेगळी केलेली असते, त्यामुळे होल्डर आणि तुकडा यांच्यामध्ये माणूस आला तर आरसीसीबी पडत नाही. काम थांबलेले असताना होल्डरवर ६० ते ८० व्होल्ट उभे असू शकतात. कोरड्या हाताला ते कदाचित जाणवणार नाहीत, घामाने भिजलेल्या हाताला जाणवतील. कोकणात, मुंबईत जून ते सप्टेंबर ओल्या गच्चीवर हे काम करूच नये. हा दाब आपोआप उतरवणारी व्हीआरडी सोय असलेले मशीन मिळाले तर तेच घ्यावे.

पेसमेकर बसवलेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञाला विचारल्याशिवाय होल्डर हातात घेऊ नये, आणि केबल खांद्यावर टाकण्याची सवय तर कोणीच लावून घेऊ नये. कपडे सुती, टेरिकॉट वितळून कातडीला चिकटते. चप्पल नको, बूट हवेत आणि पँट बुटाच्या वर. भाजले तर वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावे, टूथपेस्ट लावू नये. पेट्रोलची जुनी टाकी किंवा बंद ड्रम रिकामा दिसला तरी त्याला रॉड लावू नये, आतली वाफ स्फोटाला पुरते. आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबावे. पोत्यात किंवा लाकडाच्या भुशात पडलेली ठिणगी धुमसत राहते, आणि तीही बऱ्याचदा रात्रीच पेटते.