भावाच्या तोंडात मावणारा भाऊ

रायगडच्या खारेपाटात घरापुढच्या तळ्यात जिताडा मासा पाळणाऱ्यांना त्याचा खादाडपणा वेगळा सांगावा लागत नाही. पण त्या खादाडपणाचा हिशोब मांडला की डोकं गरगरतं.

१२० सेंटिमीटर लांबीची मादी तीन ते चार कोटी अंडी देऊ शकते. अशा चार माद्यांची अंडी २०११च्या जनगणनेतल्या अख्ख्या महाराष्ट्राहून जास्त भरतील. अंडं पाऊण मिलिमीटरचं, पिल्लू बाहेर येतं तेव्हा जेमतेम दीड मिलिमीटरचं. या टप्प्यावर कोण मोठा, कोण धाकटा, हे नजरेला कळतही नाही.

आता दोन सख्खी भावंडं घ्या. एकाला थोडं जास्त खायला मिळतं आणि त्याचं वजन रोज १५ टक्क्यांनी वाढतं. दुसऱ्याचं १० टक्क्यांनी. हे आकडे हिशोबापुरते धरलेत. ३५ दिवसांनी पहिला झाला १३३ पट, दुसरा २८ पट. वजन साधारण लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलतं, म्हणजे धाकट्याची लांबी थोरल्याच्या जवळपास ६० टक्के उरली. आणि जिताड्याचं पिल्लू स्वतःच्या सुमारे ६० टक्के लांबीचं पिल्लू अख्खं गिळू शकतं! रोजच्या पाच टक्क्यांच्या फरकानं पाचव्या आठवड्यात एक भाऊ दुसऱ्याचं जेवण होतो. म्हणून तर पिल्लं दर काही दिवसांनी चाळून आकाराप्रमाणे वेगळी करावी लागतात. हे कंटाळवाणं काम टाळलं, तर महागाचं बीज एकमेकांच्या पोटात जातं.

पण टाकीत कोण किती खातो, हे कळणार कसं? संशोधकांनी खाद्यात क्ष-किरणांना अडवणारे बारीक काचमणी मिसळले, माशांचे एक्स-रे काढले आणि पोटातले मणी मोजले. एकाच टाकीत, एकाच वेळी कुणाचं पोट तुडुंब, कुणाचं रिकामं. एवढंच नाही, तोच मासा आज भरपूर खातो आणि उद्या जवळपास उपाशी राहतो.

मोठ्या पिंजऱ्यात तर हे कळणं आणखी अवघड. नॉर्वेत सामन माशाच्या एका पिंजऱ्यात कायद्यानं दोन लाखांपर्यंत मासे ठेवता येतात. सेकंदाला एक या वेगानं न थांबता मोजले, तरी दोन दिवस आणि सात तासांहून जास्त वेळ लागेल. त्यांचं खाद्य ठरतं ते सरासरी वजनावरून. त्या सरासरीखाली खुरटलेले, कडेला तरंगणारे मासे झाकले जातात. २०१६ साली अशा माशांच्या तपासणीत मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाची क्रिया आणि कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक, दोन्ही वाढलेली आढळली. संशोधकांनी या अवस्थेची तुलना नैराश्याशी केली. हे वाचल्यापासून सरासरीचा आकडा मला पुरेसा वाटत नाही.

मात्र मोठा झालेला प्रत्येक मासा जातिवंतच असतो असं नाही. त्याला पहिला घास लवकर मिळालेला असू शकतो. म्हणून भुवनेश्वरच्या केंद्रीय मत्स्यपालन संस्थेनं १९९२ पासून नॉर्वेच्या मदतीनं रोहूची निवड केली, ती कुळं पाहून. माशांच्या अंगात बारीक चिप बसवल्या, म्हणजे कोणता मासा कोणत्या जोडीचा आणि किती वाढला, हे कळावं. त्यातून जयंती रोहू तयार झाला. वाढीतला फायदा पिढीमागे सुमारे १७ टक्के. हाच दर टिकला, तर पाच पिढ्यांत वाढ दुपटीच्या पुढे जाते.